किशोरवयीन मुलांच्या आवडीनिवडी: हैदराबादेतील संग्रहालये, शाळा आणि संगीत

हैदराबादेतल्या मराठी घरांत मूल आठवी-नववीत गेले की एक बदल हमखास दिसतो. तोपर्यंत चाललेला पेटीचा, तबल्याचा किंवा चित्रकलेचा क्लास "दहावी झाली की पुन्हा लावू" असे म्हणून बंद केला जातो. दहावीनंतर इंटर येते, इंटरबरोबर जेईई, नीट किंवा एपसेट येते, आणि तो क्लास पुन्हा लागत नाही. गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नावे लिहून घेताना आम्हाला हे दर वर्षी जाणवते. लहान गटाची यादी लगेच भरते. नववीच्या पुढच्या गटासाठी मात्र घरोघर फोन करावे लागतात.

हा लेख तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. आपल्या शहरात या वयाला काय काय उपलब्ध आहे, त्याचा उपयोग कसा करावा आणि अभ्यास सांभाळून वेळ कसा काढावा, ही माहिती एका जागी द्यावी असे आम्हाला वाटले. आमचे म्हणणे थोडक्यात असे: आवड टिकवायला पैसा कमी लागतो, आणि वेळही वाटतो त्याहून कमी लागतो. त्यात खंड मात्र पडता कामा नये. आम्ही बँकेत आयुष्य घालवलेली माणसे आहोत, म्हणून आम्हाला आवर्ती ठेवीचेच उदाहरण सुचते. हप्ता लहान असला तरी चालतो, पण तो चुकवायचा नसतो.

याच शहरातली तीन मुले

पहिले उदाहरण पंडित जसराज यांचे. त्यांचा जन्म १९३० साली हरियाणातला, पण बालपण हैदराबादेत गेले. वडील पंडित मोतीराम १९३४ मध्ये याच शहरात वारले. जसराज यांची शाळेची वाट एका हॉटेलावरून जात असे. तिथे बेगम अख्तर यांची रेकॉर्ड लागायची, ती ऐकत बसल्याने शाळा बुडायची, ही आठवण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. आधी ते तबला शिकले आणि चौदा-पंधराव्या वर्षी गाण्याकडे वळले. पुढे मोतीराम आणि थोरले बंधू मणिराम यांच्या नावाने त्यांनी हैदराबादेत संगीत समारोह सुरू केला. व्ही. शांताराम यांचे ते जावई, त्यामुळे मराठी घरांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी.

दुसरे नरहर कुरुंदकर. जन्म १९३२, गाव कुरुंदा. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे हैदराबादेत राहून ते सिटी कॉलेजात शिकले. परीक्षेत त्यांना अपयश आले, कारण नेमलेल्या पुस्तकांपेक्षा इतर वाचन फार होते. ते वाचन त्यांनी सोडले नाही. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि मराठीतील मोठे विचारवंत म्हणून ओळखले गेले.

तिसरे श्याम बेनेगल. जन्म १९३४, सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीचा. वडील छायाचित्रकार होते. त्यांच्या कॅमेऱ्यावर बेनेगल यांनी बाराव्या वर्षी पहिला चित्रपट केला, आणि पुढे विद्यार्थी असताना हैदराबाद फिल्म सोसायटी उभी केली.

प्रत्येक मूल जसराज किंवा बेनेगल होणार नाही, आणि परीक्षेत नापास व्हावे असेही आम्ही सुचवत नाही. मात्र या तिघांच्या आवडीला आकार आला तो शाळा-कॉलेजच्या वयातच, हे ध्यानात ठेवावे. "नंतर बघू" म्हणून ज्या वयात आपण क्लास बंद करतो, नेमके तेच ते वय.

संग्रहालये

सालारजंग संग्रहालय. मुसी नदीच्या दक्षिण काठावर, अफजलगंजच्या पलीकडे. मीर यूसुफ अली खान म्हणजे तिसरे सालारजंग यांचा हा संग्रह. त्यांच्या निधनानंतर, १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो दिवाण देवडीत खुला झाला. १९६१ साली संसदेच्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि १९६८ मध्ये तो आजच्या इमारतीत आला. शुक्रवारी बंद असते.

पाहुण्यांना घेऊन आपण सगळेच इथे जातो. संगीत घड्याळापाशी बसतो, दाढीवाली छोटी आकृती बाहेर येऊन टोले देते ते पाहतो, बुरख्यातली रिबेका पाहतो आणि परततो. मुलांनी याच वस्तूंकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे. घड्याळात सेकंदासेकंदाला हातोडा मारणारा लोहारही आहे. त्याला गती कुठून मिळते? इटालियन शिल्पकार बेंझोनी याच्या रिबेकाच्या चेहऱ्यावरचे झिरझिरीत वस्त्र संगमरवराचेच आहे. मग आतला चेहरा दिसल्याचा भास का होतो? लाकडाच्या एकाच ओंडक्यात समोरून मेफिस्टोफेलिस आणि पाठीमागून मार्गारेटा कोरलेली आहे, आणि मागे आरसा ठेवला आहे. ही दोन पात्रे गटेच्या 'फाउस्ट' नाटकातली. ज्याला वाचनाची आवड आहे त्याला इथून एक मोठे पुस्तक सापडते.

बिदरी कामाच्या वस्तूंकडे दुर्लक्ष करू नये. बीदर आपल्या शेजारचे, मराठी बोलणाऱ्यांचेही. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा बसवतात, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या मिश्रणाने ते काळे करतात. काळे होते ते जस्त, चांदी तशीच चकाकत राहते. दहावीच्या रसायनशास्त्रात धातूंचा धडा शिकणाऱ्या मुलाने हे पाहिले, तर तो धडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

राज्य पुरातत्त्व संग्रहालय. नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये. १९३१ साली 'हैदराबाद म्यूझियम' म्हणून सुरू झाले. मुले येतात ती ममी पाहायला, पण मराठी घरांसाठी इथली खरी मोलाची जागा अजिंठ्याचे दालन आहे. अजिंठा तेव्हा निजाम राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. राज्याचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये सुरू झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. चित्रांच्या डागडुजीसाठी इटलीहून तज्ज्ञ आणले गेले, आणि सय्यद अहमद यांच्यासारख्या चित्रकारांनी भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती केल्या. १९५६ साली भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मूळ चित्रे तिकडे गेली, प्रती इथे राहिल्या. आपल्यातल्या अनेक कुटुंबांचेही तसेच झाले: निम्मे घर औरंगाबाद-परभणीला, निम्मे हैदराबादेत. "आपण इथे कसे आलो?" असे मुलांनी विचारले, तर उत्तराची सुरुवात या दालनातून करता येते.

नाण्यांचे दालनही असेच. सातवाहनांची राजधानी पैठण, आणि त्यांची नाणी तेलंगणात कोटिलिंगाला, पेद्दबंकूर इथल्या उत्खननांत सापडलेली. दोन हजार वर्षांपूर्वीही या दोन भूभागांत जाणे-येणे होते, हे मुलांना पुस्तकापेक्षा नाण्यावरून लवकर पटते.

बिर्ला तारांगण आणि विज्ञान संग्रहालय. नौबत पहाडावर, बिर्ला मंदिराजवळ. तारांगण १९८५ चे, विज्ञान संग्रहालय १९९० चे. इथे 'कोटासॉरस यमनपल्लीएन्सिस' या डायनासोरचा सांगाडा उभा आहे. त्याची हाडे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यमनपल्ली गावाजवळ मिळाली, आणि नावात गावाचे नाव आले. प्राणहिता-गोदावरीच्या याच खोऱ्यात, पलीकडे गडचिरोलीच्या सिरोंचा भागातही डायनासोरचे अवशेष सापडले आहेत. विज्ञानाची ओढ असलेल्या मुलाने हा सांगाडा पाहून घरी आल्यावर नकाशात ती दोन्ही ठिकाणे शोधावीत.

निजाम म्यूझियम. जुन्या शहरात पुरानी हवेलीत. सातव्या निजामाच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९३७ मध्ये साजरा झाला. त्या वेळी आलेल्या भेटवस्तू इथे आहेत. सहाव्या निजामाचे भले लांब कपड्यांचे कपाटही पाहण्यासारखे आहे. कपडे, नक्षी, दागिने यांत रस असलेल्या मुलांनी वही घेऊन जावे.

जाण्यायेण्याची काळजी पूर्वीइतकी उरलेली नाही. मियापूर, कुकटपल्ली किंवा दिलसुखनगरहून मेट्रोच्या लाल मार्गाने असेंब्ली स्थानकावर उतरले की पब्लिक गार्डन आणि नौबत पहाड दोन्ही जवळ. सालारजंगसाठी एमजीबीएस स्थानकावर उतरून पुढे रिक्षा करावी. आठवीपुढची दोन-तीन मुले मिळून दिवसा हा प्रवास सहज करू शकतात. वेळा आणि तिकिटाचे दर निघण्याआधी एकदा पाहून घ्यावेत.

संग्रहालय कसे पाहावे

एका दिवसात सगळे संग्रहालय पाहिले, तर मुलांना फक्त पाय दुखल्याचे आठवते. आमची सूचना अशी:

१. एका खेपेला एकच दालन, फार तर दोन. दीड तास पुरे.

२. त्यातली एकच वस्तू निवडून तिच्यासमोर दहा मिनिटे थांबावे. वहीत तिचे साधे चित्र काढावे. चित्र चांगले यायला हवे असे नाही. काढताना नजर थांबते, तेवढे पुरे.

३. तीन प्रश्न लिहावेत: ही कशाची केली आहे, कुणी आणि कशासाठी केली, आणि ती हैदराबादेत कशी पोचली? तिसऱ्या प्रश्नात बहुतेक वेळा सर्वांत मोठी गोष्ट दडलेली असते.

४. घरी आल्यावर रात्री जेवताना मुलाने ती वस्तू आजी-आजोबांना मराठीत सांगावी. मूठ, म्यान, नक्षी, जर, मीनाकारी, ओतीव, घडीव हे शब्द शाळेत कानावर पडत नाहीत. सांगता सांगता शब्द अडतो, आजी तो पुरवते, आणि मग तो लक्षात राहतो.

महिन्यातून एक रविवार धरला तरी वर्षात बारा खेपा होतात. सुटीत मे महिन्याची १८ तारीख साधावी. तो आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन.

संगीत

आपल्याकडच्या मुलांत गायन, पेटी आणि तबला या तिन्हींची आवड दिसते. बहुतेक जण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि त्यांच्या शिष्यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये हे मंडळ स्थापन झाले. परीक्षांचा क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि पुढे अलंकार. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो.

हा क्रम आणि शाळेच्या इयत्ता शेजारी मांडून पाहा. सहावीत प्रारंभिक दिलेले मूल वर्षाला एक परीक्षा देत गेले, तर नववीत मध्यमा प्रथमला पोचते. म्हणजे राग ओळखू येऊ लागतात, आलाप स्वतःचा सुचू लागतो, खरी गोडी लागते, आणि त्याच वर्षी आपण क्लास बंद करतो. पायऱ्या चढण्याचे कष्ट झाले, आणि वर पोचून दिसणारे दृश्य मात्र राहून गेले. यावर उपाय सोपा आहे. दहावीच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरू नये, पण रियाज चालू ठेवावा. आठवड्यातून तीनचा एक क्लास करावा, नवा राग घेऊ नये, आलेलेच घोळावे. गुरुजींना हे मोकळेपणी सांगितले की ते समजून घेतात, असा आमचा अनुभव आहे.

सरकारी सोयीही आहेत. रामकोटला श्री त्यागराज शासकीय संगीत व नृत्य महाविद्यालय आणि सिकंदराबादला श्री भक्त रामदासु महाविद्यालय इथे प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम चालतात. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सीसीआरटी संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. ती मिळाली की वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. या संस्थेचे विभागीय केंद्र हैदराबादेतच माधापूरला आहे, तरी आपल्या फार थोड्या घरांना हे माहीत असते. चौदा वर्षे उलटली की अर्ज करता येत नाही, म्हणून सातवीतच चौकशी करावी.

ऐकणे हाही रियाजच. नोव्हेंबरअखेर होणारा मोतीराम-मणिराम समारोह अलीकडे चौमहल्ला राजवाड्यात रंगत आला आहे. पुढे बसून मान डोलावणाऱ्या मोठ्यांनी आपल्या शेजारची एक खुर्ची घरातल्या मुलासाठी ठेवावी.

शाळा आणि परीक्षा

आपल्या पूर्वसूरींनी या शहरात शाळेकडे फार गंभीरपणे पाहिले. उर्दूचे राज्य असताना केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेक वर्धिनी उभी केली. नारायणगुड्याच्या केशव मेमोरियल शाळेला केशवरावांचेच नाव आहे. आज आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात आहेत. २०१८ च्या कायद्याने तेलुगू शिकणे सर्व शाळांत आवश्यक झाले, ते योग्यही आहे. पण याचा अर्थ इंग्रजी, तेलुगू, हिंदी शाळेत, आणि मराठी फक्त घरात. म्हणून आवडीच्या गोष्टी मराठीतून होणे हे या वयात अधिकच महत्त्वाचे ठरते.

शाळेतही काही वाटा असतात. सीबीएसईत हिंदुस्थानी संगीत हा वैकल्पिक विषय आहे, अर्थात शाळेत शिक्षक असेल तर. नववी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा 'कला उत्सव' २०१५ पासून भरतो. त्यात गायन, वादन, नृत्य, चित्र यांच्या स्पर्धा शाळेपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत होतात. शाळेने नाव पाठवायचे असते, म्हणून पालकांनी आधी विचारावे.

इंटरचा प्रश्न अवघड आहे, हे आम्ही मान्य करतो. निवासी कॉलेजात सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत घड्याळ दुसऱ्याच्या हातात असते. प्रवेश घेताना आपण निकालाची टक्केवारी विचारतो, फी विचारतो. त्याच टेबलावर आणखी दोन प्रश्न विचारावेत: मुलाला बासरी किंवा चित्रकलेची वही जवळ ठेवता येईल का, आणि रविवारचे किती तास त्याचे स्वतःचे असतील? उत्तर नकारार्थी आले, तर घरून जाऊन-येऊन करण्याचा पर्याय किमान तोलून पाहावा.

वेळेचा हिशेब

"वेळच नाही" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो की एकदा खतावणी मांडूनच पाहिली. आठवड्याचे तास १६८. झोप रोज आठ तास, म्हणजे ५६. शाळा सहा दिवस सात तासांप्रमाणे ४२. ट्यूशन आणि घरचा अभ्यास २५. जाणे-येणे ९. जेवण, आंघोळ, इतर कामे रोज अडीच तासांप्रमाणे साडेसतरा. बेरीज १४९.५. शिल्लक साडेअठरा तास.

रोज चाळीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस रियाज केला तर ३ तास २० मिनिटे लागतात. महिन्यातून एकदा संग्रहालय म्हणजे आठवड्याला सरासरी एक तास धरा. तरीही मित्र, खेळ आणि मोबाइल यांना चौदा तास उरतात. प्रत्येक घराचे आकडे निराळे असतील. मुलालाच कागद देऊन आपला हिशेब मांडायला सांगावे. आपण सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा स्वतः मांडलेला हिशेब मुले अधिक पाळतात.

"यातून पुढे काय?"

हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. बहुतेक मुलांना यातून नोकरी मिळणार नाही, गुणही फारसे वाढणार नाहीत. पण बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी एकटे राहायला गेलेल्या मुलाकडे संध्याकाळी वाजवायला काहीतरी असते. अनोळखी गावात रविवार कुठे घालवावा, हे त्याला कळते. गाणे ऐकायला चार माणसे जमली की त्यात त्याला जागा मिळते.

उलट बाजूही आम्ही रोज पाहतो. निवृत्तीनंतर साठीत पेटी शिकायला बसलेले कितीतरी सभासद आपल्यात आहेत. त्यांची हौस मोठी आहे, पण बोटे ऐकत नाहीत. त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, "आठवीत क्लास बंद झाला, तेव्हा बाबा म्हणाले होते, नंतर कर. ते 'नंतर' यायला पंचेचाळीस वर्षे लागली."

तेव्हा येत्या जूनमध्ये शाळा सुरू होताना, ज्यांची मुले नववीत जात आहेत त्यांनी क्लास बंद करण्याआधी एक करावे. तो अर्ध्यावर आणावा. तीनचा एक दिवस चालेल, तासाची चाळीस मिनिटे चालतील. खाते चालू राहिले की रक्कम नंतर वाढवता येते. एकदा बंद झालेले खाते पुन्हा उघडायला फार थोडे लोक येतात, हे आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने पुष्कळ वर्षे पाहिले आहे.